आजीचं बोट आणि चार्जिंगचा ब्रश

दातवण, काडी, राखुंडी, मशेरी, दंतमंजन, काळी पावडर, लाल पावडर, पेस्ट. दात घासायच्या वस्तूंना आपल्याकडे किती शब्द आहेत बघा. परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या मोठ्या घरात तीन पिढ्या एकत्र राहत असतील, तर यातल्या चार-पाच वस्तू आजही एकाच छपराखाली सापडतील. आजोबांची लिंबाची काडी, आजीची मशेरीची डबी, वडिलांची पावडर, पोरांची पेस्ट.

या यादीत गेल्या काही वर्षांत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. लहान मुलांचा इलेक्ट्रिक टूथब्रश. कार्टूनचं चित्र असलेला, बटण दाबलं की गुर्रर्र करणारा, ऑनलाइन मागवला की चार दिवसांत सेलू-जिंतूरपर्यंत पोचणारा. तो घ्यावा का, आणि घ्यायचा तर कुठला, असा प्रश्न तरुण आईबाप एकमेकांना विचारतात. वरवर हा खरेदीचा प्रश्न आहे, पण त्याच्या पोटात एक जुना प्रश्न आहे: तीन-चार वर्षांच्या लेकराचे दात घासायचे कुणी? दातांच्या साधनांचा इतिहास वाचताना मला वाटलं, की या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की पहिल्याचं आपोआप मिळतं.

बारा अंगुळांचं स्पेसिफिकेशन

सुरुवात दातवणापासून करू. साधारण सातव्या शतकातल्या वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात दिनचर्येचा अध्याय आहे. त्यात दातवण कसं असावं हे इतकं नेमकं सांगितलंय, की कुठल्याही इंजिनिअरला ते स्पेसिफिकेशन वाटावं. झाडं कुठली? रुई, वड, खैर, करंज, अर्जुन अशी. चव तुरट, तिखट किंवा कडू. जाडी करंगळीच्या टोकाएवढी. लांबी बारा अंगुळं. काडी सरळ हवी, टोक मऊ हवं. वापरायचं कधी? सकाळी आणि जेवणानंतर. आणि शेवटची अट: हिरड्यांना इजा होऊ द्यायची नाही.

तेराशे वर्षांपूर्वीच्या या यादीत आजच्या दंतवैद्याला खोडावं असं फार थोडं आहे. मऊ टोक, दिवसातून दोनदा, हिरड्या सांभाळून. मला त्यातलं मोजमाप जास्त आवडतं. करंगळी आणि अंगुळ ही मापं माणसाच्या हातावरची आहेत. मोठ्याची करंगळी मोठी, लेकराची लहान. ज्याची करंगळी त्याची काडी असं धरलं, तर ब्रशचं डोकं तोंडाच्या मापाचं हवं हा नियम त्यात आपसूक येतो. लहान मुलांच्या ब्रशच्या खोक्यावर आज वयाचा आकडा छापतात तो याच कारणासाठी.

परभणीच्या भागात वडा-खैरापेक्षा कडुलिंब आणि बाभूळ जास्त चालले, कारण बांधावर तेच उभे होते. शेतात जाताना काडी मोडायची, चावत चावत चालायचं, विहिरीवर चूळ भरायची. १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. परभणी, पाथरी, जिंतूरच्या मुस्लिम वस्त्यांमध्ये काडीऐवजी मिस्वाक होता, म्हणजे पिलूच्या झाडाची मुळी. आजही मशिदींजवळच्या दुकानांत आणि बाजारात मिस्वाक मिळतो. काडी आणि मिस्वाक यांचं तंत्र एकच: लाकडाचे तंतू चावून सुटे करायचे, म्हणजे त्यांचाच ब्रश होतो.

या काडीची एक गोष्ट काकासाहेब कालेलकरांनी लिहून ठेवली आहे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात ते गांधीजींबरोबर होते आणि त्यांच्यासाठी कडुलिंबाचं दातवण तयार करून देत. एकदा वापरलेलं दातवण टाकून द्यायला गांधीजींनी नकार दिला. चावलेला भाग कापायचा आणि उरलेल्या काडीला पुन्हा नवं टोक काढायचं, असं त्यांनी सांगितलं. झाडाला काडी रोज मिळते म्हणून ती रोज तोडायचा आपल्याला हक्क नाही, असा त्यांचा मुद्दा होता. आज इलेक्ट्रिक ब्रशचं डोकं तीन महिन्यांनी बदलतात आणि दांडा तोच ठेवतात. टोक झिजणारं, दांडा टिकणारा, ही कल्पना अशी जुनी आहे.

पण काडीला एक मर्यादा होती. ती चावायला दाढा लागतात, आणि मनगटाला वळण लागतं. तीन वर्षांच्या लेकराच्या मनगटाला ते नसतं. मग त्याचे दात कसे घासायचे?

राखुंडी आणि बोट

उत्तर होतं राखुंडी, आणि मोठ्या माणसाचं बोट.

राखुंडी म्हणजे गोवऱ्यांची किंवा तुसाची जळून उरलेली काळी पूड. कुणी त्यात मीठ घालायचं, कुणी तुरटी, कुणी कापूर. घरात बदाम येत असतील तर त्यांची टरफलं जाळून घालायची. वस्त्रगाळ करून ती डब्यात भरायची आणि मोरीजवळच्या कोनाड्यात ठेवायची. सकाळी आजी लेकराला दोन गुडघ्यांत धरायची, राखुंडीत बोट बुडवायची आणि लेकराच्या तोंडात घालायची. लेकरू चावायचं, थुंकायचं, रडायचं. आजीचं बोट मागच्या दाढेपर्यंत जाऊन आल्याशिवाय सुटका नसायची.

विज्ञानाच्या दृष्टीनं राखुंडी ही काही आदर्श वस्तू नाही. पूड खरखरीत असेल तर दातावरचं कवच, म्हणजे इनॅमल, झिजवते. त्यात फ्लोराइड नाही. बोटाचं कातडं दातांच्या फटीत शिरत नाही. पण त्या पद्धतीत एक गोष्ट अचूक होती. लहान मुलाचे दात मोठं माणूस घासून देत होतं, आणि त्यात कुणाला विशेष वाटत नव्हतं.

आजच्या बालदंतवैद्यांचा सल्लाही हाच आहे. साधारण सात-आठ वर्षांचं होईपर्यंत मुलाचे दात मोठ्यांनी घासावेत, किंवा निदान त्यानं घासल्यावर मोठ्यांनी पुन्हा एकदा हात फिरवावा. हे वय कुठून आलं? मनगट आणि बोटं बारीक काम करायला साधारण तेव्हा शिकतात. एक खूण सांगतात: मूल स्वतःच्या बुटाची नाडी नीट बांधू लागलं, की त्याच्या हातात ब्रश एकट्यानं द्यायला हरकत नाही.

मशेरीची डबी

या इतिहासाचं एक काळं पान आहे आणि ते मराठवाड्यात उलटून पुढं जाता येत नाही. तंबाखू तव्यावर करपेपर्यंत भाजायची, कुटायची, आणि त्या पुडीनं दात घासायचे. हीच मशेरी, आमच्याकडे मिसरी. मुख्यतः बायकांची. नाव दात घासण्याचं, पण सवय तंबाखूची. त्यामुळे दिवसातून एकदा घासून भागत नाही. दुपारी, संध्याकाळी, काम संपलं की, मन लागेना की बोट डबीकडं जातं.

ही सवय कशी लागली असं विचारलं, तर पुष्कळ बायका एकच उत्तर देतात: दाढ दुखत होती म्हणून कुणीतरी लावायला सांगितली. तंबाखूनं हिरडी बधिर होते आणि दुखणं तेवढ्यापुरतं थांबतं. किडलेली दाढ मात्र तशीच राहते आणि तंबाखू कायमची चिकटते. धूर न येणाऱ्या तंबाखूनं तोंडाचा कर्करोग होतो, हे आता निर्विवाद आहे.

१९९२ साली केंद्र सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९७मध्ये न्यायालयानं ती बंदी कायम ठेवली. कारखान्यातल्या डबीवर कायदा चालला, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूवर कुठला कायदा चालणार?

मुलांच्या ब्रशविषयीच्या लेखात हे सांगायचं कारण आहे. मशेरीची सुरुवात पुष्कळदा एका दुखणाऱ्या दाढेपासून होते, आणि दुखणाऱ्या दाढेची सुरुवात लहानपणी न घासलेल्या दातांपासून. जे लेकरू रात्री दात न घासता झोपतं, त्याची दाढ पुढं दुखणार हे जवळपास ठरलेलं असतं. ती दुखेल तेव्हा जवळ दंतवैद्य असेल की डबी, हे मात्र ठरलेलं नसतं.

डुकराचे केस, नायलॉन आणि बिनाकातले प्राणी

आता ब्रशकडे येऊ. दांड्याला केस लावून दात घासायची कल्पना चीनमधली, पंधराव्या शतकाच्या शेवटची. इंग्लंडमध्ये १७८०च्या सुमारास विल्यम अॅडिस या माणसानं हाडाच्या दांड्यात केस बसवून ब्रश बनवायला सुरुवात केली. तुरुंगात बसून त्याला ही युक्ती सुचली, असं सांगितलं जातं. हे केस मुख्यतः डुकराचे असत. हिंदू असो की मुसलमान, आपल्याकडच्या घरात अशी वस्तू तोंडात घालायला कोण तयार होणार? काडी आणि राखुंडी एवढी वर्षं टिकली त्याचं हेही एक कारण असावं.

ही अडचण रसायनशास्त्रानं सोडवली. २४ फेब्रुवारी १९३८ रोजी अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या नायलॉनचे केस असलेला पहिला टूथब्रश बाजारात आला. प्राण्याचा केस गेला, दोरा आला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३७मध्ये, मुंबईत कोलगेट-पामोलिव्हची भारतीय कंपनी नोंदली गेली होती.

तरी खेड्यात पेस्टच्या आधी पावडर पोचली. पावडरीला ब्रश लागत नाही, बोट पुरतं. मुंबईच्या नोगी कंपनीची माकडछाप काळी टूथपावडर म्हणजे डबीत भरलेली राखुंडीच, असं लोकांना वाटायचं, आणि तेच तिच्या पथ्यावर पडलं. १९५२ साली केशव विष्णू पेंढरकर या मूळच्या नागपूरच्या माणसानं मुंबईत परळला विको कंपनी सुरू केली. पहिलं उत्पादन होतं वज्रदंती पावडर. ती दारोदार फिरून विकली गेली. वज्रदंती ही काटेकोरांटी. जिच्या फांद्या गावाकडं दातासाठी चावत होते, तीच वनस्पती आता छापील डबीत आली.

त्याच १९५२मध्ये रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानींचा आवाज घराघरांत गेला आणि त्याबरोबर एका टूथपेस्टचं नावही. पुढं त्या पेस्टच्या खोक्यात प्लॅस्टिकचे छोटे प्राणी निघू लागले. हत्ती, हरीण, मासा. ते जमवण्यासाठी मुलं घरात बिनाकाच आणायचा हट्ट धरत. मुलांच्या दातांचा बाजार मुलांच्या हट्टातून चालवायचा, ही युक्ती तेव्हाची. आजच्या ब्रशवरचं कार्टून हे त्याच प्राण्यांचं नातवंड आहे.

१९७६पासून कोलगेटचा शाळांमधला दातांचा कार्यक्रमही सुरू झाला. दात घासायची सवय लावण्यात अशा कार्यक्रमांचा वाटा आहे, ते मान्यच करायला हवं. पण जाहिरातींनी आणि शाळेतल्या प्रात्यक्षिकांनी मिळून एक चित्र पक्कं केलं: आरशासमोर एकटं उभं असलेलं, तोंडभर फेस केलेलं, हसरं मूल. राखुंडीच्या काळात त्या चित्रात आजी होती. ब्रश आला आणि आजी चित्राबाहेर गेली. पोराच्या हातात स्वतःचा ब्रश आला म्हणजे ते स्वावलंबी झालं, असं आपण धरून चाललो.

ज्यांचा हात चालत नाही त्यांच्यासाठी

इलेक्ट्रिक टूथब्रश मुळात कुणासाठी बनला हे फार थोड्यांना माहीत असतं. १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये डॉ. फिलिप-गी वूग यांनी 'ब्रॉक्सोडेंट' नावाचा ब्रश तयार केला. ज्यांचा हात नीट चालत नाही असे रुग्ण आणि ज्यांच्या दातांना तारा लावल्या आहेत असे लोक, यांच्यासाठी तो होता. तो भिंतीतल्या पिनला वायरनं जोडलेला असे. ओल्या हातात, तोंडात घातलेली, घरातल्या विजेवर चालणारी वस्तू! १९६०च्या सुमारास तो अमेरिकेत पोचला आणि १९६१मध्ये जनरल इलेक्ट्रिकनं बिनवायरचा, चार्ज होणारा ब्रश आणला.

पाण्यातली वस्तू चार्ज कशी करायची? यावरचं उत्तर गावाबाहेरच्या डीपीत सापडतं. ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एकीत प्रवाह बदलला की दुसरीत वीज तयार होते. फॅरेडेनं १८३१मध्ये हे दाखवून दिलं. ब्रशच्या स्टँडमध्ये एक गुंडाळी, दांड्याच्या बुडात दुसरी. मध्ये प्लॅस्टिक असलं तरी चालतं. धातूची पिन बाहेर नाही, त्यामुळे पाणी आत शिरायला वाट नाही. तुमच्या फोनचं वायरलेस चार्जिंग याच तत्त्वावर चालतं. फरक इतकाच, की ब्रशमध्ये ते कित्येक वर्षं आधी आलं.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आमच्याकडं मोठ्या थाटात म्हणतात. या गोष्टीत जर्मनीचा वाटा असा, की तिथल्या ब्राउन कंपनीनं १९९१मध्ये छोट्या गोल डोक्याचा, डावी-उजवीकडं गरगर फिरणारा ब्रश आणला. पुढच्या वर्षी अमेरिकेतून सोनिकेअर आला, मिनिटाला सुमारे ३१,००० हालचाली करणारा. बाजारात आज हीच दोन मुख्य घराणी आहेत: गोल फिरणारे आणि थरथरणारे. तिसरा प्रकार स्वस्त बॅटरीवाल्यांचा. त्यातल्या पुष्कळांत फोनच्या व्हायब्रेशनसारखी एक छोटी मोटर असते, बाकी काही नाही.

परभणीचा वाटा म्हणाल तर तो वाट बघण्याचा. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे, तिथं वीजही तयार होते. तरीही आमच्या पिढीचं लहानपण लोडशेडिंगमध्ये गेलं. २००५नंतरची काही वर्षं आठवा: खेड्यात दिवसाचे दहा-बारा तास लाइट नसायची, आणि आली की आधी मोटर चालू करायची. अशा घरात दात घासायला वीज हा विचारसुद्धा हास्यास्पद ठरला असता. आज परिस्थिती सुधारली आहे. पण ब्रश निवडताना चार्ज किती दिवस टिकतो हे बघायची आमची सवय त्या दिवसांतली आहे आणि ती चांगली सवय आहे.

यंत्र खरंच उपयोगी आहे का?

आहे, पण किती ते नेमकं बघू. २०१४मध्ये कॉक्रेन या संस्थेनं अशा ब्रशवरच्या चाचण्यांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. ५१ चाचण्यांतल्या ४,६२४ लोकांची माहिती त्यात होती, मुलं आणि मोठी दोन्ही. साध्या ब्रशच्या तुलनेत इलेक्ट्रिक ब्रशनं दातावरचा चिकट थर, म्हणजे प्लाक, एक ते तीन महिन्यांत ११ टक्के कमी झाला आणि तीन महिन्यांनंतर २१ टक्के. हिरड्यांची सूज ६ आणि ११ टक्क्यांनी कमी झाली. हा आढावा प्लाक आणि हिरड्यांबद्दल आहे. त्यावरून 'इलेक्ट्रिक घेतला म्हणजे कीड लागणार नाही' असं म्हणता येत नाही.

कीड लागते साखरेमुळे. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. आम्ल वाढलं की इनॅमल विरघळू लागतं, आणि लाळेला ते पूर्ववत करायला अर्धा तास किंवा जास्तही लागतो. चहात बुडवलेलं बिस्किट, पाच रुपयांची क्रीमची पुडी, दुकानातलं चॉकलेट, पुन्हा संध्याकाळी चहा-बिस्किट. लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. दुधाच्या दातांचं इनॅमल कायमच्या दातांपेक्षा पातळ असतं, त्यामुळे कीड लवकर आत पोचते.

इथं आमच्या घराघरांतलं एक वाक्य आडवं येतं: "दुधाचे तर दात हायेत, पडणारच की." समोरचे दात सहा-सात वर्षांत पडतात हे खरं. मागच्या दुधाच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत राहायच्या असतात. त्या किडून लवकर गेल्या तर शेजारचे दात सरकतात आणि नव्या दाढेला जागा उरत नाही. आणि तोवरची दुखणारी रात्र, न चावता गिळलेली भाकरी, बुडालेली शाळा? ती तर पडणाऱ्या दाताबरोबर परत येत नाही.

याच जिल्ह्यातली दुसरी लेकरं विसरू नयेत. गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातून दरवर्षी कुटुंबं ऊसतोडीला जातात, लेकरं बरोबर. अंधारात उठायचं, कोपीत राहायचं, दिवसभर उसाच्या कांड्या चघळायच्या. साखर तयार करणाऱ्या या साखळीच्या टोकाला जी लेकरं आहेत, त्यांच्यासाठी इलेक्ट्रिक ब्रश हा विषयच नाही. त्यांच्यापर्यंत साधा ब्रश, फ्लोराइडची पेस्ट आणि वर्षातून एकदा तपासणी पोचली तरी पुष्कळ होईल.

मग घ्यायचा कुठला?

माझी ताई सेलूला असते. भाची चार वर्षांची. 'तू कम्प्युटरवाला, तूच निवड' म्हणून काम माझ्याकडं आलं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही आधी विचारतो, वापरणारा कोण? इथं उत्तर सोपं होतं. तोंड भाचीचं, हात ताईचा. म्हणून दांडा ताईच्या मुठीत बसणारा पाहिजे आणि डोकं भाचीच्या तोंडात. हा एक निकष लावला की निम्मे ब्रश आपोआप बाद होतात.

बाकीचे निकष असे:

वय. बहुतेक कंपन्या असे ब्रश तीन वर्षांवरच्या मुलांसाठी देतात. त्याआधी मऊ साधा ब्रशच बरा.

डोकं. छोटं, आणि केस एक्स्ट्रा-सॉफ्ट. साधारण दोन दुधाचे दात झाकले जातील एवढं.

रिफिल. ब्रशच्या आधी डोक्याची चौकशी करा. त्याच मॉडेलचं सुटं डोकं ४३१४०१ या पिनकोडवर येतं का, केवढ्याला येतं, आणि वर्षाची चार डोकी धरली तर खर्च किती होतो. रिफिल मिळत नसेल तर तो ब्रश तीन महिन्यांचं खेळणं आहे.

वीज. चार्ज होणारा असेल तर निदान आठवडाभर टिकावा. पेन्सिल सेलवर चालणाराही वाईट नाही; सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. बटणासारखे चपटे सेल असलेले, लुकलुकणारे स्वस्त ब्रश मात्र टाळा. मुलानं तसला सेल गिळला तर अन्ननलिका जळते, काही तासांत जिवावर बेतू शकतं.

टायमर. दोन मिनिटं. दर तीस सेकंदांनी खूण करणारा असेल तर उत्तम: तोंडाचे चार भाग, प्रत्येकाला अर्धं मिनिट. जोरात दाबलं तर थांबणारा किंवा इशारा देणारा असेल तर आणखी चांगलं. हिरड्यांना इजा नको, हे वाग्भटाचं कलम इथं सेन्सर होऊन आलंय.

मजबुती. २०१२मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं बॅटरीवर चालणाऱ्या एका ब्रशबद्दल इशारा दिला होता; वापरताना त्याचे तुकडे सुटून तोंडात जात होते. रोज घासायच्या आधी डोकं ओढून बघा, हलत नाही ना.

काय नको? ब्लूटूथ आणि अॅप. मुलाचे दात घासायला अकाउंट लागावं आणि हातात पुन्हा फोन यावा, याची गरज नाही. भारताच्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. पण जी माहिती गोळाच होत नाही तिला संमतीही लागत नाही. आणि इंग्रजी 'यू' आकाराचे, तोंडात धरून बसायचे सिलिकॉनचे ब्रश. जाहिरातीत छान दिसतात, पण दात नीट साफ होतात याला भक्कम पुरावा नाही.

पेस्ट ब्रशइतकीच महत्त्वाची. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली लाट दाखवतात, तेवढी कधीच नको. आपल्याकडं फ्लोराइडच्या पेस्टमध्ये १,००० पीपीएमची मर्यादा आहे आणि प्रमाण खोक्यावर छापावं लागतं, ते वाचा. किनवट, यवतमाळ, चंद्रपूर अशा भागांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आढळलंय. घरचं पाणी खोल बोअरचं असेल तर दंतवैद्याला आधी विचारा. परभणी शहरात दंत महाविद्यालय आहे. मुलाचा पहिला वाढदिवस व्हायच्या आत एकदा दात दाखवावेत असा सल्ला असतो.

ब्रश आला तेव्हा भाचीनं बटण दाबलं, आवाज ऐकला आणि पलंगाखाली शिरली. "मामा, ह्याच्यात मिक्सर हाय." पहिले चार दिवस ताईनं तो बंदच ठेवून साध्या ब्रशासारखा वापरला. मग हाताच्या तळव्यावर चालू करून दाखवला, मग बाहुलीच्या तोंडाला लावला, मग एका दातावर. आठव्या दिवशी दोन मिनिटं पूर्ण झाली. भाची आधी स्वतः फिरवते, मग ताई तिला मांडीत आडवी घेऊन मागच्या दाढांवर फिरवते.

बजेट नसेल तर? तीस रुपयांचा मऊ ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट आणि मोठ्या माणसाची दोन मिनिटं, एवढ्यावर काम होतं. यंत्र हाताला मदत करतं. ज्यांची बोटं थरथरतात, ज्यांच्या घरात आजी-आजोबाच लेकराला सांभाळतात, किंवा ज्या मुलाला त्याच्या आजारपणामुळं तोंड नीट उघडता येत नाही, तिथं ती मदत मोठी आहे. ब्रॉक्सोडेंट अशाच हातांसाठी बनला होता. लेकराचा हात तर सात-आठ वर्षांपर्यंत दात घासण्यापुरता अपुराच असतो.

शेतातून माणसं सात-आठला घरी येतात. स्वयंपाक, जेवण, उद्याची तयारी, आणि तोवर लेकरू भिंतीला टेकून पेंगायला लागतं. झोपू दे, सकाळी घासू, असं प्रत्येक घरात वाटतं. पण झोपेत लाळ कमी होते आणि रात्रभर दातावर बसलेली साखर सकाळपर्यंत आपलं काम करते. लेकराला उठवायचं, मांडीवर घ्यायचं, आणि दोन मिनिटं मोजायची. मोजायला यंत्र असलं तर मोजणी चुकत नाही.